सात जागांचा मदरबोर्ड

धवलधारा सहकारी दूध संस्थेला संगणकाची नितांत गरज आहे, ही गोष्ट संस्थेच्या लक्षात आली ती सांगवीच्या एका संस्थेने संगणक घेतल्यावर. तोपर्यंत निमगाव केतकीच्या पुढे ओढ्याकाठी असलेल्या धवलधारेचा कारभार चार मापांवर आणि सचिव सोपानराव यांच्या स्मरणशक्तीवर विनातक्रार चालला होता. पण सांगवीत म्हणे आता आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी संगणक दाखवतात. आपल्याकडे पाहुण्याला दाखवण्यासारखे फक्त दुधाचे कॅन आहेत आणि ते पाहुण्याने आधीच पाहिलेले असतात, ही बाब चेअरमन दत्तोबा आबांनी मासिक सभेत अत्यंत जड अंतःकरणाने मांडली. संगणक नेमके करतो काय, असा प्रश्न एका संचालकाने विचारला. तो नवीन निवडून आलेला असल्यामुळे त्याला कोणी रागावले नाही. संगणकीकरणाचा ठराव एकमताने मंजूर झाला.

संगणक मिळालाही लगेच. इंदापुरातल्या एका पतसंस्थेने नवी यंत्रे घेतली होती आणि जुन्यांचे काय करावे हा तिच्यापुढे पेच होता. अशा वेळी संस्था दानशूर होतात. पोळा झाल्यावर उद्घाटनाचा मांडव उभा राहिला. संगणकाला हळदकुंकू वाहिले, पडद्यावर कुंकवाचे ठसठशीत स्वस्तिक काढले आणि प्रमुख पाहुण्यांनी झेंडूच्या फुलाने झाकलेले बटण दाबले. काहीही झाले नाही. पाहुणे अनुभवी होते. त्यांनी क्षणभरही न डगमगता, "हे यंत्र सुरू झाल्याचे मी जाहीर करतो," असे म्हणून हात जोडले. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि जिलेबीची पंगत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपाली कामावर हजर झाली. ही सभासद बिरूतात्यांची मुलगी. एसटीने रोज बारामतीला जाऊन तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि गावात कीबोर्डाकडे पाहून न घाबरणारी ती एकटीच होती. संस्थेने तिची संगणकचालक म्हणून नेमणूक केली होती. नेमणूक लागू होणार होती संगणक सुरू होईल त्या तारखेपासून. हे शेवटचे शब्द सोपानरावांचे. आपल्याला मागच्या दाराने बाहेर पडता येणार नाही असे एकही वाक्य त्या गृहस्थाने उभ्या हयातीत लिहिलेले नाही.

"काल पाहुण्यांनी सुरू झाला म्हणून सांगितलं की," दिपाली म्हणाली.

"जाहीर झालाय," सोपानराव म्हणाले. "सुरू कुठं झालाय?"

या फरकावर दिपालीचे पुढचे आयुष्य टांगलेले होते. फलटणहून तिला एक स्थळ आले होते. मुलगा दिसायला बरा होता आणि त्याचा कोंबड्यांचा धंदा होता. बिरूतात्यांनी घरी सरळ सांगून टाकले होते, "यंत्र सुरू झालं तर मी त्यास्नी म्हणतो, पोरगी नोकरीला हाय, थांबा. न्हाय झालं तर तुळशीचं लगीन झालं की लगीच तुझं."

"आन् मला कोंबड्यांचा वास सोसत न्हाय त्याचं काय?"

"मग यंत्र सुरू कर."

बिरूतात्या वाईट माणूस नव्हते. त्यांच्या आजापर्यंत सगळे मेंढरांमागे मुलूख हिंडले. बिरूतात्यांनी पहिल्यांदा एका जागी बूड टेकले, ऊस लावला, जर्सी गाई घेतल्या. एका जागी राहिले की लोक काय म्हणतात ते ऐकू यायला लागते, एवढीच त्यात अडचण होती.

दिपालीने पेटीचे स्क्रू काढले. आत मदरबोर्ड होता, म्हणजे यंत्राचे बाकी सगळे भाग ज्याच्यावर बसतात ती हिरवी पाटी. तिच्यावर एक पाल आडवी पडून वाळली होती आणि पालीच्या पोटाखाली पाटी काळीठिक्कर पडली होती. कधीतरी दोघींचा एकाच वेळी शेवट झाला असावा.

"मदरबोर्ड जळालाय," दिपाली म्हणाली. "बाकी समदं चांगलं दिसतंय. नवा आणायला लागंल."

सोपानराव मात्र पालीकडे बघत होते. भेट म्हणून मिळालेल्या वस्तूंत संगणक, पडदा, कीबोर्ड आणि प्रिंटर यांचा उल्लेख होता, पालीचा नव्हता. म्हणजे ती जादा आली होती, आणि जादा आलेली वस्तू ठेवून घेणे नियमात बसत नव्हते. पाल एका पाकिटात घालून, सोबत आभाराचे पत्र जोडून, इंदापूरला एसटीने परत पाठवण्यात आली. पोच अजून आलेली नाही.

नवा मदरबोर्ड 'किफायतशीर दरात' घेण्यासाठी खरेदी समिती नेमली गेली. समितीत सगळे संचालक होते, कारण ज्याला वगळावे तो पुढच्या निवडणुकीत उभा राहतो. जीप एवढी भरली की दिपालीला मागच्या फळीवर स्टेपनीशेजारी बसावे लागले. बारामती एमआयडीसीपाशी पहिल्या पाळीचे कामगार मोटारसायकलींवरून सुटले होते. ते जीपकडे बघून हसत गेले.

शंभूराज नावाच्या तरुणाचे दुकान बारामतीत स्टँडच्या मागे होते. त्याने काउंटरवर एक पाटी ठेवली. "हा घ्या. बजेटमध्ये याच्यासारखा दुसरा नाही. डिस्प्ले आतच, आवाज आतच. वर स्लॉट तीन, पुढं-मागं काही जोडायचं झालं तर."

"स्लॉट म्हंजी?" दत्तोबा आबांनी विचारले.

"जागा. कार्ड बसवायच्या."

"आन् डिस्प्ले आतच म्हंजी?"

"म्हणजे त्याचं वेगळं कार्ड लागत नाही. कंपनीनंच बसवून दिलंय."

आबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "कुणाला इचारून?"

"त्यात विचारायचं काय?"

"आसं कसं? जागा कशा भरायच्या ते आमी बघायचं. तुमच्या कंपनीनं परस्पर माणसं बसवून पाठवायची, आन् आमी नुस्तं बटण दाबायचं व्हय?"

विरोधी गटाचे नेते दादासो जीपमध्येसुद्धा आबांकडे पाठ करून बसले होते. गेल्या निवडणुकीपासून ते आबांच्या एकाही वाक्याशी सहमत झाले नव्हते. आबांनी ऊन फार आहे म्हटले की ते स्वेटर घालत. ते आता पुढे आले, पाटीवर वाकले आणि म्हणाले, "आबांचं बराबर हाय."

समितीच्या अंगावर काटा आला.

"आबा, आपल्याला ह्योच पुरतो," दिपाली मागून म्हणाली. "नेऊन लावला की चालू."

पण तोपर्यंत शंभूराजने फळीवरून धूळ खात पडलेला दुसरा खोका काढला होता. "हा जुना माल आहे, म्हणून स्वस्त. पण याच्यात काहीच नाही. सगळं वेगळं घ्यावं लागेल. सात स्लॉट आहेत, सगळे रिकामे."

सहकारात उभी हयात घालवलेल्या माणसांपुढे कोणी सात रिकाम्या जागांचा उल्लेख इतक्या सहजपणे करू नये. शंभूराज तरुण होता, त्याला ते ठाऊक नव्हते. सगळी समिती त्या पाटीवर ओणवी झाली. तीन जागा काळ्या आणि लांब होत्या, चार पांढऱ्या आणि आखूड होत्या. कोणीतरी एका पांढऱ्या जागेवरून हळूच बोट फिरवले.

"सातच्या सात?" दादासोंनी खात्री करून घेतली.

"सातच्या सात. पण भरायलाच पाहिजेत असं नाही हं. रिकाम्या राहिल्या तरी—"

"रिकामी जागा ठिवता येत न्हाय," सोपानराव म्हणाले. "कोणतरी कोर्टात जातंय."

अशा रीतीने मदरबोर्डाची निवड झाली. परतताना जीपमध्ये काळ्या जागा मोठ्या की पांढऱ्या, यावर रण माजले. पांढऱ्या जागा प्रोसेसरच्या जवळ होत्या, म्हणजे सत्तेच्या जवळ. काळ्या जागा लांबीने मोठ्या होत्या, म्हणजे मानाच्या. निमगाव केतकीला चहासाठी जीप थांबली तेव्हा तडजोड झाली: पांढऱ्यांपैकी तीन सत्ताधारी गटाला, काळ्यांपैकी दोन विरोधी गटाला, एक काळी महिला राखीव आणि उरलेली पांढरी जागा स्वीकृत. स्वीकृत म्हणजे जो निवडून येऊ शकत नाही पण ज्याला घेतल्यावाचून भागत नाही, असा. सगळ्यांनी एकमेकांना चहा पाजला. दादासोंनी आबांच्या बशीत स्वतः ओतला. दिपाली स्टेपनीशेजारी बसून खोका मांडीत धरून होती. तिला वाटले, एवढे गोडीने वागतायत म्हणजे होईल सगळे.

मग जागा भरायला घेतल्या. पहिल्या पांढऱ्या जागेवर आबांचे डिस्प्ले कार्ड बसले, आणि याला कोणाची हरकत नव्हती, कारण ते खरोखरच लागत होते. पण हे कळताच दादासोंनी एका काळ्या जागेच्या बदल्यात पांढरी घेऊन तिच्यात आपल्या गटाचे वेगळे डिस्प्ले कार्ड मागितले. एकाच कार्डावर सगळे दाखवायचे म्हटल्यावर आमचे तेवढे दिसणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि गेल्या तीन वार्षिक अहवालांतले फोटो पाहता ते चूक म्हणता येत नव्हते. देवळाकडच्या आळीने भजनासाठी आवाजाचे कार्ड बसवले. तरुण मंडळाने क्रिकेटसाठी टीव्हीचे कार्ड आणले. बिरूतात्यांच्या वस्तीला मोडेम मिळाले, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून निरोप पाठवण्याचे यंत्र.

"तात्या, मोडेम कशाला घेतलं तुमी?" दिपालीने घरी विचारले. "वस्तीवर फोन तरी हाय का?"

"न्हाय. म्हणून तर घेतलं. फोनच्या वक्ताला बी आपली वस्ती शेवटी राह्यली. आता मोडेम तरी पयलं."

महिला राखीव जागेवर कुशाबाई होत्या. या बाई आठ म्हशींचे दूध घालतात आणि सभेला पुढच्या रांगेत बसून शेंगा सोलतात. त्यांना नेटवर्कचे कार्ड देण्यात आले.

"ह्येनं काय व्हतंय?" त्यांनी विचारले.

"एक कॉम्प्युटर दुसऱ्याला जोडता येतो," दिपाली म्हणाली.

"दुसरा कुठं हाय?"

"न्हाय."

"मग मला कशाला? ऱ्हाऊ द्या की मोकळी जागा. वारं तरी लागंल."

पण राखीव जागा मोकळी ठेवली असती तर वर तक्रार गेली असती. कुशाबाईंनी कार्डाला हळदीचे बोट लावले आणि पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.

राहिली स्वीकृत जागा. ती आबांच्या इंदापूरच्या जावयाला देणे भागच होते. जावयाने पाठवलेले कार्ड कुठल्याशा बंद पडलेल्या वजनकाट्यातून निघाले होते आणि स्लॉटपेक्षा बोटभर मोठे होते. त्याचे काम काय, हे कोणालाच माहीत नव्हते. "बसू तर द्या आधी. काम काय ते मागनं बघू," असे आबा म्हणाले. दोन संचालकांनी कानशीने घासून कार्ड बारीक केले आणि गुडघा लावून बसवले. पाटी थोडी वाकली, पण जावई बसला.

दिपालीने हे सगळे मुकाट्याने पाहिले असे नाही. तिने प्रत्येक वेळी सांगितले. पण तिचे बोलणे 'तांत्रिक मत' म्हणून स्वतंत्रपणे नोंदवले गेले, आणि एकदा नोंद झाली की ऐकावे लागत नाही, अशी पद्धत आहे. तिला एकच गोष्ट स्वतःच्या मनाने करता आली. वीज आणणाऱ्या दोन जोडण्या होत्या, त्यांच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी-शेजारी याव्या लागतात, नाहीतर पाटी जळते. शुभकार्यात मधोमध काळे नको, असे देवळाकडच्या आळीचे म्हणणे पडले. ते सगळे तंबाखू थुंकायला बाहेर गेले तेव्हा तिने जोडण्या बसवल्या आणि वरून झेंडूचे फूल ठेवले.

दसऱ्याला बटण दाबले. आतला पंखा फिरला, दिवा लागला आणि यंत्राने एक लांब आणि दोन आखूड असे आवाज काढले. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. यंत्राने पुन्हा तोच सूर काढला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. बराच वेळ असे चालले. पडदा मात्र काळाच राहिला, त्यावरचे स्वस्तिक तेवढे लखलखीत दिसत होते.

"ते ओरडतंय, आबा," दिपाली म्हणाली. "दोन डिस्प्ले कार्डं एकमेकांत भांडत्यात. आवाजाचं आन् मोडेमचं कार्ड एकाच तारेवरनं प्रोसेसरला हाका मारत्यात. त्याला कळंना कुणाचं ऐकावं."

ही अडचण सभेला लगेच समजली. इतकी की दोन्ही गटांनी ती सोडवण्यासाठी हात पुढे केला. चेअरमनपद जसे सव्वा-सव्वा वर्ष वाटून घेतात, तसे डिस्प्ले वाटून घ्यायचे ठरले. पहिले सव्वा वर्ष आबांचे कार्ड, पुढचे दादासोंचे. पण आपली पाळी नसताना कार्डाने बाहेर बसायचे की आत, यावर घोडे अडले. बाहेर बसलेला माणूस परत आत येत नाही, हा दोन्ही गटांचा अनुभव होता. तेव्हा दोन्ही कार्डे आतच राहतील, फक्त दुसऱ्याने गप्प बसावे, असे ठरले. तसे कार्डाला कळवण्याची जबाबदारी दिपालीवर सोपवण्यात आली.

कार्ड गप्प बसेना. दिवाळी जवळ आली. फलटणच्या लोकांनी मुलाचा फोटो पाठवला, त्याच्या हातात एक पांढरी कोंबडी होती. दिपालीने फोटो पालथा घालून ठेवला आणि सोपानरावांना जाऊन गाठले.

"एक डिस्प्ले सोडून बाकी समदी कार्डं काढू द्या. लगेच चालू व्हतंय."

सोपानरावांनी तिच्याकडे फार दयेने पाहिले. "आगं, बसलेल्याला काढायचं म्हंजी त्यानं राजीनामा द्यावा लागतो, न्हायतर मरावं लागतं, न्हायतर लागोपाठ सभांना गैरहजर ऱ्हावं लागतं. ह्यातलं एक तरी कार्ड गैरहजर राह्यलंय का? पेटी सभागृहातच हाय. संचालकांपेक्षा कार्डांची हजेरी चांगली हाय."

ती रात्रभर नव्हे, पण येताना वाटभर रडली. मग दिवाळीच्या तोंडावरच्या मासिक सभेच्या दिवशी तिने जे करायचे ते केले. सभा सुरू होण्याआधी संचालक पटांगणात नव्या दूधगाडीच्या पूजेला गेले होते. दिपालीने पेटी उघडली आणि एकेक कार्ड उपसून टेबलावर ओळीने मांडले. जावयाला काढताना तिला पाय लावावा लागला. वाकलेली पाटी अंगठ्याने सरळ केली, एक डिस्प्ले कार्ड तेवढे पहिल्या पांढऱ्या जागेत परत बसवले आणि बटण दाबले.

एकच बारीक आवाज झाला. पडदा उजळला.

सगळ्यांत आधी कुशाबाई आत आल्या. "लागला गं बाई," त्या ओरडल्या, आणि पदरातल्या शेंगा फरशीभर सांडल्या. मग सगळेच धावले. स्वस्तिकाच्या मागून पांढरी अक्षरे भराभर खाली पळत होती. दादासोंनी आबांना मिठी मारली. बिरूतात्या दारातूनच, "माझी पोरगी हाय ती, माझी," असे ज्याला-त्याला सांगत होते, जणू गावाला ते माहीत नव्हते. आबांनी जिलेबीला माणूस पाठवला. दिपाली खुर्चीत बसून हसत होती आणि तिला हसू थांबवता येत नव्हते.

मग दादासोंची नजर टेबलावर गेली. "ही कोण?"

"ही आपलीच कार्डं," दिपाली म्हणाली. "काढली. एक सोडून."

"कुणाचं सोडून?"

दिपालीला सांगता येईना. हाताला लागले ते तिने परत बसवले होते. दोन्ही गटांनी आपापले डिस्प्ले कार्ड शंभूराजकडूनच, एकाच खोक्यातून घेतले होते. पहिल्या पांढऱ्या जागेतले, म्हणजे आमचे, असे सत्ताधारी म्हणाले. काढताना अदलाबदल झाली, आमचेच आहे, असे विरोधक म्हणाले. जिलेबी येऊन पोचली तेव्हा दोन्हीकडच्या बाह्या वर सरकल्या होत्या. तेवढ्यात कुशाबाई शेंगा वेचता वेचता अगदी आनंदाने बोलून गेल्या, "म्हंजी बाकीच्यांवाचून चालतंय की."

वर सरकलेल्या बाह्या खाली आल्या.

इतका वेळ जो तो ते कार्ड आपले म्हणत होता, तो आता टेबलावरच्या ओळीकडे बघू लागला. त्या ओळीत आळी होती, वस्ती होती, तरुण मंडळ होते, जावई होता. आणि तिकडे यंत्र सुखाने गुणगुणत होते. दत्तोबा आबा सावकाश खाली बसले.

"ह्ये बराबर न्हाय," ते म्हणाले. "आज ह्ये यंत्र चालतंय. उद्या लोक म्हणतील संस्था बी चालंल."

"लोकांनी बघितलं न्हाय अजून," दादासो म्हणाले.

दोघांनी सोपानरावांकडे पाहिले. सोपानरावांनी घसा साफ केला. "तसं बघितलं तर, सुरू झालाय. जाहीर कुठं झालाय?"

सभेचा जीव भांड्यात पडला. ठराव लगेच मांडण्यात आला: 'संस्थेचा संगणक सर्व घटकांना सामावून न घेता परस्पर चालू लागल्याचे निदर्शनास आले असून, असे चालणे सहकाराच्या तत्त्वांशी विसंगत असल्याने, सदर संगणक सुरू झालेला नाही असे ही सभा एकमताने ठरवत आहे.' शब्दरचना इतकी सुंदर झाली की ती हाताने लिहून ठेवणे सोपानरावांच्या जिवावर आले. छापील ठरावाला वजन येते. त्यांनी दिपालीला सांगितले, "एवढं टाईप करून चार प्रती काढ."

दिपालीने विचारले, "कशावर?"

"कशावर म्हंजी? ह्येच्यावर."

तिने टाईप केले. संगणक सुरू झालेला नाही, ही अक्षरे पडद्यावर एकामागून एक स्वच्छ उमटली. प्रिंटर कर्कश ओरडत पुढे-मागे धावला आणि चार प्रती गरम गरम बाहेर आल्या. सगळ्यांनी हाताळून पाहिल्या. छपाई फार सुबक होती, दादासोंनीसुद्धा तारीफ केली.

"मंजूर?" आबांनी विचारले.

सगळे हात वर झाले. बिरूतात्यांचाही झाला. त्यात त्यांचा काही हेतू नव्हता. त्या सभागृहात मंजूर हा शब्द ऐकला की त्यांचा हात आपोआप वर जात असे. वर गेल्यावर त्यांनी त्याच्याकडे पाहिले, मग दिपालीकडे पाहिले, पण अर्ध्यातून हात खाली घेणे बरे दिसले नसते. दिपालीला फार वाईट वाटले. बापाचा राग येण्याऐवजी त्याची कीव आली, हे तर तिला अजिबात सोसवेना. तिने सह्यांसाठी प्रती पुढे सरकवल्या. आबांनी न वाचता सही केली, कारण चेअरमनने वाचत बसू नये. दादासोंनी आबांची सही खरी आहे ना एवढेच बघून खाली आपली ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपाली कामावर हजर झाली. तिने ठरावाची प्रत सोपानरावांपुढे ठेवली आणि सगळ्यांत खालच्या ओळीवर बोट ठेवले. कुठल्याही टंकलेखकाने टाकावी तशी ओळ तिने टाकली होती: 'टंकलेखन: दिपाली, संगणकचालक.' तिच्याच खाली दोन्ही गटांच्या सह्या होत्या.

"मी संगणकचालक हाय ह्ये चेअरमननी मान्य केलंय," ती म्हणाली. "दादासोंनी बी."

"पण संगणक सुरू झालेला न्हाय, ह्ये बी त्यांनी मान्य केलंय. वरच हाय बघ."

"मग खोडा."

"काय?"

"खालची वळ खोडा न्हायतर वरची खोडा. कुठली खोडायची ते सभेत इचारून या."

सोपानरावांनी कागद उलटा केला, पालटा केला, उन्हात धरला. ठराव खोडायचा म्हणजे सभा पुन्हा बोलवायची, आणि बाकीच्यांवाचून कोण चालते हा विषय पुन्हा निघणार. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरले. त्यांना दार सापडले होते. त्याच दिवशी 'सुरू न झालेल्या संगणकाची चालक' या पदावर दिपालीची रीतसर नेमणूक झाली. संगणक सुरू झाल्यास हे पद आपोआप रद्द होईल, अशी अट शेवटी होतीच.

बिरूतात्यांनी फलटणला निरोप धाडला, पोरगी नोकरीला हाय, थांबा. तिकडून मुलाचे चुलते स्वतः आले. कसली नोकरी, असे त्यांनी विचारले.

"दूध संस्थेतला बंद कॉम्प्युटर चालवती," बिरूतात्या म्हणाले.

"बंदच हाय? मग तर कायमची नोकरी," चुलते आदराने म्हणाले, आणि स्थळाचा आग्रह त्यांनी दुप्पट केला. पण आता बिरूतात्यांची मान ताठ झाली होती. दिपालीला विचारून सांगतो, असे त्यांनी कळवले. दिपालीने अजून काही सांगितलेले नाही.

आता धवलधारेत गेलात तर चहाच्या आधी तुम्हाला काचेचे कपाट दाखवतात. त्यात लाल मखमलीवर काढलेली सगळी कार्डे मांडली आहेत, प्रत्येकाखाली आळीचे किंवा गटाचे नाव आहे, आणि जावयाचे कार्ड मधोमध आहे. प्रत्येक सभेत त्यांची हजेरी लागते. पाहुणे माना डोलवतात. मागच्या खोलीत दार लोटून घेऊन दिपाली सगळ्या गावाच्या दुधाचा हिशोब करते. तो चुकत नाही, आणि तो कोण करते याची चौकशी कोणी करत नाही. कुशाबाई मधून मधून तिथे शेंगा घेऊन बसतात.

तुम्ही हसलात, ते बरे केले. आता एक सांगा. शेवटची मोठी रजा तुम्ही कधी घेतली होती? कचेरीत माझ्यावाचून पान हलत नाही, असे घरी सांगता ते आम्ही ऐकले आहे, आम्हीही सांगतो. तापाने फणफणलो तरी डबा घेऊन निघतो आणि वेळेच्या आधी खुर्ची गाठतो. लोक त्याला कामाची निष्ठा म्हणतात आणि आपण म्हणू देतो. भीती एवढीच असते, की आपण चार दिवस गेलो तर मागे एक बारीक आवाज होईल आणि पडदा उजळेल.